अमेरिका आपणहून जवळ का येत नाही?

प्रश्न : माझा मुलगा न्यूयॉर्कजवळ नोकरीला आहे. मुंबईहून थेट विमानाने जाताना त्याला सोळा तास तरी लागतात, येताना मात्र चौदा-साडेचौदा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे विमान वर असताना अमेरिकाच आपल्याकडे सरकत यायला हवी आणि जाण्याचा वेळ वाचायला हवा. घडतं उलटंच. असं का?
— एक वाचक, चिंचपाडा (ता. नवापूर, जि. नंदुरबार)

उत्तर : हवा जागच्या जागी थांबून राहिली असती, तर तुमचं म्हणणं बिनचूक ठरलं असतं. पण चिंचपाड्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५५० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावते आहे. हवा थांबली असती तर तेवढ्याच वेगाचं वादळ आपल्यावर अहोरात्र आदळलं असतं आणि हा प्रश्न विचारायला कोणी उरलं नसतं. हवा जमिनीबरोबरच फिरते. तुमच्या स्टेशनातून सुरतेला जाणाऱ्या गाडीत उभ्या उभ्या उडी मारली, तर माणूस मागच्या बाकावर पडत नाही, तसंच.

मग फरक येतो कुठून? नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हवा जमिनीच्याही पुढे पळते. विषुववृत्ताकडची तापलेली हवा ध्रुवाकडे निघते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळते आणि तिचा एक अरुंद, वेगवान पट्टा बनतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरही सहज ओलांडतो. थोडक्यात, पृथ्वीच्या फिरण्याचा यात हात आहेच, फक्त तुम्हाला हवा होता त्याच्या उलट बाजूने.

मुंबई-न्यूयॉर्क हे कमीत कमी अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा आणि वारा सरासरी ५०चाच धरा. जाताना ८५०, येताना ९५०. भागाकार केला की पावणेपंधरा तास आणि सव्वातेरा तास. दीड तास इथेच गेला. वरचा वेळ धावपट्टीवरच्या रांगेचा, चढण्या-उतरण्याचा आणि वळशांचा. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून हे वळसे वाढले.

वाऱ्याची किंमत एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६मध्ये फार छान दाखवली. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून जाई, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, तरी वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं.

आता ‘कमीत कमी अंतर’ म्हणजे काय, हे घरबसल्या पाहा. भिंतीवरचा नकाशा नको, शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या. हवाईतलं होनोलुलू जवळपास चिंचपाड्याच्याच अक्षांशावर आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर रस्ता सरळ पूर्वेला दिसतो, साधारण १३,३०० किलोमीटर. गोलावर दोन्ही टोकांमध्ये दोरा ताणून धरा. तो चीनवरून वर चढत थेट उत्तर जपानच्या बाजूने जाईल आणि सहाशे किलोमीटर वाचवील. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा तर आइसलंडपर्यंत चढतो. मुलाच्या सीटसमोरच्या पडद्यावर विमान रशियाकडे वळलेलं दिसत असे, ते याच कारणाने.