एनओसीवर सही करण्याआधी

सिनेमाच्या गाण्यांच्या पैशातूनच माझी स्वतःची गाणी रेकॉर्ड होतात, हे आधीच सांगून टाकतो. उगाच सिनेमावाल्यांना शिव्या घालायला बसलोय असं वाटायला नको. रेवदंड्यात राहून केवळ आपल्या गाण्यांवर घर चालवणं मला अजून जमलेलं नाही. आमच्या पट्ट्यात ज्यांना जमतं त्यांचं बहुतेक हळदीच्या सीझनवर चालतं. यूट्यूबवर टाकलेलं आगरी-कोळी गाणं आठ दिवसांत उरण-पेणच्या डीजेवर वाजायला लागतं, नि पुढच्या सीझनला कुणाला आठवतही नाही. माझी गाणी त्या जातीची नाहीत. गिटारवरची, जरा संथ, भाषा मात्र घरातली.

त्यातलंच एक गाणं अलिबागच्या एका मित्राच्या खोलीत रेकॉर्ड करून मी चॅनलवर टाकलं होतं. ते एका चित्रपट कंपनीच्या माणसाने ऐकलं आणि फोन आला. बोलणी व्हॉट्सॲपवर झाली, आकडा एकरकमी ठरला. करार आला तो रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री, अख्खा इंग्रजीत. सगळे हक्क, कायमचे, साऱ्या ब्रह्मांडात. माझं गाणं तोवर मुरूडच्या पलीकडे गेलं नव्हतं, त्यामुळे ब्रह्मांडाचं हसूच आलं. मात्र त्याच पानावर आणखी एक ओळ होती: या रचनेची याआधी झालेली सर्व ध्वनिमुद्रणंही कंपनीची.

सिनेमा लागला, गाणं बरं चाललं, आणि माझ्याच चॅनलवरच्या माझ्याच आवाजातल्या जुन्या रेकॉर्डिंगवर कॉपीराइट क्लेम पडला. जाहिरातींचे पैसे कंपनीकडे वळले. मी हरकत घेतली. अशा हरकतीला उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस असतात. त्यांनी करार पुढे केला आणि विषय संपला. वकिलाच्या पत्रानंतर क्लेम उठला, पण ती चाल मी आजही दुसऱ्या कुठल्या अल्बममध्ये घेऊ शकत नाही.

म्हणून नव्या मुलांना सांगतो, ‘गाणं विकलं’ असं म्हणू नका. गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. त्यातलं काय दिलं, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशापुरतं, हे वेगवेगळं लिहून घ्यायचं. कॉपीराइट कायदाही हेच सांगतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘कायमचे’ आणि ‘ब्रह्मांड’ हे शब्द करारात येतात ते याचसाठी. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरला नाही तर तो आपल्याकडे परत येतो, अशीही तरतूद आहे. पण करारात वेगळं लिहिलं असेल तर ती लागू होत नाही. डब्यात गेलेल्या सिनेमांसोबत किती चाली डब्यात गेल्या असतील, याचा विचार करून तेवढं कलम जरूर शोधा.

एक गोष्ट मात्र सही करूनही जात नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला होता: पैसे देऊन सिनेमासाठी करून घेतलेलं गाणं, उलट करार नसेल तर, निर्मात्याचं. पस्तीस वर्षांनी, २०१२ साली, कायदा बदलला. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर भांडले. आता गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला निम्मा हिस्सा काढून घेता येत नाही आणि त्यांना स्वतःलाही सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजलं तर त्याचे पैसे नाहीत. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, इंटरनेट, तिथले आहेत. ‘रॉयल्टी सोडत आहे’ असं छापलेली एनओसी पुढे आली तर घाबरू नका, पण ते वाक्य खोडूनच सही करा. नंतर भांडायला कोर्टात जावं लागतं, आणि कोर्टाच्या फेऱ्या आपल्यापेक्षा कंपनीला परवडतात.

आता थोडं आमच्या बाजूचं. सिनेमावाले इथे आले की ‘काहीतरी पारंपरिक दे’ म्हणतात. लग्नात धवलारणी धवले गातात, त्यांच्या चाली माझ्या आत्याच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकल्या आहेत. त्यातली एखादी ओळ गाण्यात आली तर बिघडत नाही, पण कराराच्या शेवटी ‘ही रचना संपूर्णपणे माझी, तक्रार आली तर भरपाई माझी’ असं कलम असतं. पारंपरिक चालीवर ती सही करणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचा सातबारा आपल्या नावावर लिहून देणं. कुठला भाग पारंपरिक हे कागदावर येऊ द्या. आणि आत्यालाही मानधन मिळू द्या. तिच्यासाठी सिनेमात कुणी रकाना ठेवलेला नसतो.

स्वतःच्या गाण्यांना वेळ कुठून आणायचा, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. गदिमा आणि सुधीर फडके दोघे सिनेमात गळ्यापर्यंत बुडालेले असताना १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोडं जास्त, एकूण छप्पन्न. माझ्या मते ते झालं ते रेडिओची वेळ ठरलेली होती म्हणून. सिनेमाला तारीख असते, आपल्या गाण्याला नसते; त्यामुळे आपलंच गाणं मागे पडतं. मी पावसाळा राखून ठेवलाय. गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, मुंबईचं बोलावणं टाळायला निमित्त मिळतं. पत्र्यावरच्या आवाजात रेकॉर्डिंग शक्यच नाही, म्हणून तेव्हा फक्त लिहायचं आणि चाली बांधायच्या. माइक सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, नाहीतर खारी हवा त्याला खाते. नवरात्र उलटलं की हळदीच्या सीझनआधी रेकॉर्डिंग.

त्या चालींची यादी तारखेसह मी स्वतःला ईमेल करतो आणि सिनेमाच्या प्रत्येक कराराला ‘वगळलेली गाणी’ म्हणून जोडतो. एका निर्मात्याने त्यावरून काम काढून घेतलं. बाकीच्यांनी न वाचताच मान्य केलं.

गाणी लिहीत असाल, चाली बांधत असाल, तर आयपीआरएसचं सदस्यत्व या महिन्यातच घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे, २०१७ मध्ये तिची सरकारी नोंदणी नव्याने झाली, आणि वर सांगितलेला निम्मा हिस्सा गोळा करून सभासदांना देणं हेच तिचं काम. प्रत्येक गाणं तिथे स्वतः नोंदवावं लागतं. कंपनी तुमच्यासाठी नोंदवेल या भरवशावर राहू नका.