चारा आधी जगण्याला, मग वाढीला



आदिवासी पाड्यावरील कुटुंबाला कालवड किंवा गोऱ्हा घेऊन देण्यासाठी आपल्यापैकी अनेक जण मदत करतात. पावसाळ्यात जनावर बाळसे धरते, पण उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्या बरगड्या मोजता येतात. "चारा रोज घालतो," असे घरचे सांगतात आणि ते खरेच असते. मग तो चारा जातो कुठे?

चाऱ्यातील ऊर्जेचा हिशेब

जनावर खाते त्यातील काही ऊर्जा शेणावाटे, काही मूत्र आणि वायूवाटे, तर काही पचनाच्या उष्णतेत जाते. उरते ती निव्वळ ऊर्जा. 1968 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील लॉफग्रीन आणि गॅरेट या शास्त्रज्ञांनी मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जनावरांकरिता या ऊर्जेचे दोन भाग मांडले: एक शरीर टिकवण्यासाठी, दुसरा वाढीसाठी. आपल्या कालवडी-गोऱ्ह्यांनाही हे तत्त्व लागू पडते. पहिली गरज भागल्याशिवाय दुसरीला काहीच मिळत नाही.

एक उदाहरण

150 किलो वजनाच्या वासराला नुसते टिकून राहण्यासाठी दिवसाला सुमारे 3.3 मेगाकॅलरी लागतात. (देशी जनावरांना थोड्या कमी पुरतात.) खालील सर्व वजने चाऱ्यातील पाणी वगळून धरली आहेत.

भाताच्या पेंढ्याच्या एका किलोत टिकण्यासाठीची ऊर्जा साधारण 0.7 असते. वासराने 3 किलो पेंढा खाल्ला तरी 2.1 मेगाकॅलरीच मिळतात. पोट भरते, पण अंग झिजते.

आता मक्याचा चांगला हिरवा चारा 3 किलो (ओला असताना 12 ते 15 किलो) आणि मक्याचा भरडा 1 किलो घेऊ. या मिश्रणाच्या एका किलोत टिकण्यासाठी सुमारे 1.45 आणि वाढीसाठी सुमारे 0.8 मेगाकॅलरी मिळतात. 3.3 ला 1.45 ने भागले, की जवळपास 2.3 किलो चारा टिकण्यातच खर्च होतो. उरलेला 1.7 किलो वाढीला लागतो.

हाच चारा निम्मा, म्हणजे 2 किलो केला, तर वाढ निम्मी होत नाही. ती थांबते. वासराला अर्धपोटी ठेवण्यात म्हणूनच बचत नसते: चारा संपतो, दिवस जातात आणि वजन तेवढेच राहते किंवा घटते.

काय करता येईल

- वजनाचा अंदाज घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सर्व इंचांत. उत्तराला 660 ने भागा. किलोमधील वजन मिळते.
- गवत फुलोऱ्यावर येताच कापून वाळवा. जून झालेल्या गवतात ऊर्जा कमी उरते.
- केवळ ऊर्जा पुरत नाही. थोडी पेंड आणि खनिज मिश्रणही द्या. भरडा एकदम सुरू न करता हळूहळू वाढवा.
- जितका चारा, तितकीच जनावरे. दोन उपाशी वासरांपेक्षा एक पोटभर खाणारे बरे.

जनावर देताना त्याच्या पहिल्या उन्हाळ्याच्या वैरणीचीही तरतूद केली, तरच ते त्या कुटुंबाच्या दावणीला टिकेल आणि वाढेल.

विचारासाठी प्रश्न

1. चारा निम्मा केल्यावर वाढ निम्मी का होत नाही?
2. आपण मदत केलेल्या कुटुंबाकडे मार्च ते जूनपर्यंत पुरेल इतकी वैरण आहे का?