“डीपीएफ काढून द्या” म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला काय सांगाल?

या आठवड्याच्या व्हिडिओतला गॅरेजचा प्रसंग इथे जरा सविस्तर बघू.

तुमचं गॅरेज नवं आहे. बीएस-६ डिझेल गाडीचा मालक येतो. “दिवा सारखा पेटतो. डीपीएफ पोकळ करा, ईजीआर बंद करा. रोख देतो.” नाही म्हणालात तर तो शेजारच्या गॅरेजात जाणार. आणि भाडं तर एक तारखेला द्यायचंच आहे. काय कराल?

१) काय काढतोय ते समजून घ्या
डीपीएफ धुरातली काजळी अडवतो आणि तापला की ती जाळून टाकतो. ईजीआर नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. हे काढलं की तो धूर आधी तुमच्याच पोऱ्याच्या छातीत जातो, मग रस्त्यावरच्या सगळ्यांच्या.

२) “पीयूसी पास होते ना?”
डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणजे ईजीआर बंद असूनही गाडी पास होऊ शकते. पास होणं वेगळं, बरोबर असणं वेगळं. फोक्सवॅगनने हाच फरक विसरला. चाचणीत स्वच्छ, रस्त्यावर घाण! २०१५ मध्ये उघडकीला आलं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. अमेरिकेत नुसता फौजदारी दंडच २८० कोटी डॉलर.

३) कायदा
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही. कलम १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे गिऱ्हाईकाला सांगा. त्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

४) नुसतं ‘नाही’ म्हणू नका, दुसरं काम द्या
दिवा का पेटतो? गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरते, डीपीएफ तापतच नाही. मग विचारा, गाडी कुठे चालवता? स्कॅनर लावा, इंजेक्टर तपासा, ईजीआर साफ करा, लागलं तर स्कॅनरवरून रीजनरेशन करा. ऑइल कंपनीने सांगितलेलंच टाका. अधूनमधून हायवेवर न्यायला सांगा. या प्रत्येक कामाचं रीतसर बिल होतं.

खोटं आश्वासन देत नाही. काही गिऱ्हाइकं तरीही जातील, त्या महिन्यात गल्ला कमी भरेल. पण जे काम बिलावर लिहिता येत नाही, ते घ्यायचं नाही. ही एक ओळ भिंतीवर लावा.

गृहपाठ: तुमच्या धंद्यात बिलावर लिहिता येणार नाही असं कोणतं काम लोक मागतात? त्याऐवजी काय देता येईल? आजच वहीत लिहा.