पडलेल्या नायकाचा न्याय व त्याची क्षमा

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांसाठीं पाठ. वाचन : २ शमुवेल १२:१–१४, लूक १७:१–४, २ करिंथ. २:५–११.)



आपल्या गांवांतील तरुणांच्या खोलींत डोकावलें, तर भिंतीवर एखाद्या खेळाडूचें चित्र बहुधा आढळतें. तो जिंकत असतो तोंवर चित्र तेथें राहतें. एके दिवशीं त्याच्या लबाडीची बातमी येते, आणि सायंकाळपर्यंत भिंतीवर खळीचे चार डाग मात्र उरतात. पुढें कांहीं वर्षांनीं तोच खेळाडू पुन्हां जिंकूं लागतो, आणि चित्र पुन्हां आपल्या जागीं येतें. चित्र काढणें हा आपला न्याय, व तें परत लावणें ही आपली क्षमा, असें आपण समजतों. परंतु हा न्याय खरा आहे काय? ही क्षमा खरी आहे काय? प्रश्न केवळ खेळाच्या मैदानाचा नाहीं. मंडळींतील एखादा पुढारी, शिक्षक किंवा खजिनदार पडतो, तेव्हांही आपण बहुधा हेंच करितों. म्हणून एक खरी हकीकत पुढें ठेवून आपण ह्या विषयाचा विचार करूं.

१. घडलें तें असें

हान्सी क्रोनिए हा दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कप्तान. त्याचा जन्म १९६९ सालीं ब्लूमफाँटेन येथें झाला. ५३ कसोटी सामन्यांत त्यानें संघाचें नेतृत्व केलें व त्यांपैकीं २७ जिंकले. तो आपणांस उघडपणें ख्रिस्ती म्हणवीत असे. वर्णभेदाच्या राजवटीमुळें पुष्कळ वर्षें जगाच्या खेळांतून बाहेर राहिलेल्या त्या देशाला असा कप्तान म्हणजे मोठें भूषण वाटे.

२००० सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्याचा संघ भारतांत आला होता. १९ मार्च रोजीं नागपूर येथें पांचवा एकदिवसीय सामना होता. त्यापूर्वीं क्रोनिएनें आपल्याच संघांतील दोघां तरुणांना, हर्शेल गिब्ज व हेन्री विल्यम्स यांना, प्रत्येकीं १५,००० डॉलर देऊं केले. गिब्जनें २० हून कमी धांवा कराव्या, आणि विल्यम्सनें आपल्या दहा षटकांत ५० हून अधिक धांवा द्याव्या, असा तो सौदा होता. दोघांनींही होकार दिला. प्रत्यक्ष खेळांत मात्र गिब्जनें ७४ धांवा केल्या, व विल्यम्सचा खांदा दुखावल्यामुळें त्याला दोन षटकेंही पुरीं करितां आलीं नाहींत. सामना दक्षिण आफ्रिकेनें १० धांवांनीं जिंकला. सौदा फसला, परंतु तो केला गेला होता.

७ एप्रिल रोजीं दिल्लीच्या पोलिसांनीं, क्रोनिए व एक सट्टेवाला यांचें दूरध्वनीवरील संभाषण आपल्या हातीं आल्याचें जाहीर केलें. क्रोनिएनें आरोप साफ नाकारला, आणि त्याच्या पुष्कळ देशबांधवांनीं त्याच्या शब्दावर विश्वास ठेविला. चार दिवसांनीं, ११ एप्रिलच्या पहाटे, त्यानें तेथील क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांस दूरध्वनि करून, आपण पूर्ण प्रामाणिक नव्हतों, असें सांगितलें. त्याचें कप्तानपद गेलें. जून महिन्यांत केप टाऊन येथें न्यायमूर्ति एडविन किंग यांच्या आयोगापुढें त्याची साक्ष झाली. १९९६ पासून सट्टेवाल्यांकडून एक लक्ष डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचें त्यानें तेथें मान्य केलें.

आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्याच वर्षीं जानेवारींत सेंच्युरियन येथें इंग्लंडबरोबरच्या कसोटीचा बहुतेक वेळ पावसांत गेला होता. तेव्हां दोन्ही संघांनीं एकेक डाव सोडून दिला व निर्जीव सामन्याला रंग आणिला. लोकांनीं क्रोनिएच्या दिलदारपणाची वाहवा केली. त्या दिलदारपणापायीं त्याला सुमारे ५०,००० रँड व एक कातडी जाकीट मिळालें होतें.

ऑक्टोबर महिन्यांत त्याच्यावर जन्माची बंदी आली. गिब्ज व विल्यम्स यांस सहा सहा महिन्यांची बंदी व दंड झाला. १ जून २००२ रोजीं जॉर्ज शहराजवळच्या डोंगरावर विमान आदळून क्रोनिए वयाच्या ३२ व्या वर्षीं मरण पावला. पुढें २००४ सालीं त्या देशाच्या दूरचित्रवाणीनें थोर देशबांधवांविषयीं लोकांचीं मतें घेतलीं, तेव्हां त्याला ११ वें स्थान मिळालें.

२. पाप कोणाविरुद्ध झालें?

पैसे देऊन सामना पाहावयास आलेल्या लोकांची फसवणूक झाली, हें उघड आहे. परंतु ह्या हकीकतींत त्याहून जड असें एक पाप आहे. संघांत पाय रोवलेल्या कांहीं खेळाडूंना क्रोनिएनें असाच प्रस्ताव थट्टेच्या सुरांत सुचविला होता. त्यांनीं तो हसण्यावारी नेला. मग तो गिब्ज व विल्यम्स यांच्याकडे वळला. हे दोघेही, त्या देशांत ज्यांस मिश्रवर्णी म्हणत, अशा समाजांतले होते. वर्णभेदाच्या काळीं राष्ट्रीय संघाचें दार त्यांच्या वाडवडिलांस बंद होतें. कप्तानाच्या शब्दावर ज्यांची पुढील वाट बरीच अवलंबून, त्यांच्यापुढें कप्तानानेंच मोह ठेविला. लहानांस अडखळविणाऱ्याविषयीं आपल्या प्रभूनें जात्याच्या तळीचा जो दाखला दिला आहे, तो अशाच मनुष्यासाठीं आहे.

यावरून एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. प्रेक्षकाला आपल्या तिकिटापुरती क्षमा करितां येईल. विल्यम्सच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? ज्याचें नुकसान झालें नाहीं त्याची क्षमा फार स्वस्त असते. खजिनदारानें विधवांच्या निधींतील पैसे खाल्ले असतां, वर्गणी न देणाऱ्यांनीं "जाऊं द्या, मनुष्य चांगला आहे" असें म्हणणें ही क्षमा नव्हे. प्रथम त्या विधवांकडे जाऊन त्यांचें म्हणणें ऐकिलें पाहिजे.

३. कबुली कशाला म्हणावें?

क्रोनिएनें कबुली दिली खरी. पण ती टप्प्याटप्प्यानें आली. प्रथम नकार, मग थोडें सत्य, मग उलटतपासणींत आणखी थोडें. आपण सैतानाच्या मोहास बळी पडलों, अशा आशयाचेंही तो बोलला. मोह सैतानाकडून येतो, हें आपणही मानितों. परंतु पाकीट स्वीकारणारा हात सैतानाचा नसतो. नाथान संदेष्ट्यानें दाखला सांगून बोट दाखविलें, तेव्हां दावीदानें बथशेबेला दोष दिला नाहीं, सैतानाचेंही नांव घेतलें नाहीं. पाप माझें आहे, एवढेंच तो म्हणाला.

तथापि आपण येथें सावध असावें. चार दिवस खोटें बोलून पहाटे सत्य सांगणाऱ्याला रात्रभर झोंप लागली नसेल. जगांत पुष्कळ लोक चार वर्षें, किंबहुना आमरण, खोट्यालाच चिकटून राहतात. अर्धी कबुली पुरी समजूं नये. पण ती थुंकून टाकूंही नये. ज्या देशांत १९९६ पासून आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालीं सत्य व समेट आयोग बसला होता, त्याच देशांत हें घडलें. राजकीय हेतूनें केलेल्या गुन्ह्यांस तेथें माफी मिळे, पण सर्व सत्य सांगितलें तरच. क्रोनिएलाही, पूर्ण सत्य सांगितल्यास खटल्यापासून सुटका, असें अभिवचन दिलें होतें. सत्य अगोदर, समेट मागून, हा क्रम त्या देशानें मोठी किंमत देऊन शिकला होता.

आरोप सिद्ध होण्यापूर्वींच निकाल देण्याचा उतावळेपणाही आपण टाळावा. आपल्या देशाचा माजी कप्तान महंमद अझरुद्दीन याच्यावर डिसेंबर २००० मध्यें येथील क्रिकेट मंडळानें जन्माची बंदी घातली. २०१२ सालीं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानें ती बंदी बेकायदा ठरविली. दरम्यान २००९ सालींच मुरादाबादच्या मतदारांनीं त्याला लोकसभेवर निवडून दिलें होतें. लोकांचा दोष व लोकांचा लोभ, दोन्ही न्यायालयाच्या पुढें धांवतात. ज्याला खरा न्याय करावयाचा आहे त्यानें थांबावयास शिकलें पाहिजे.

४. शिक्षेला मर्यादा असावी

करिंथ येथील मंडळीनें एका अपराध्यास शासन केलें होतें. त्याविषयीं पौल लिहितो कीं, बहुतेकांनीं केलेलें शासन त्याला पुरे आहे; आतां त्याला क्षमा करा, त्याचें सांत्वन करा, नाहीं तर तो दुःखांत बुडून जाईल. "पुरे" हा शब्द विचारांत घेण्याजोगा आहे. पौल शासन नको म्हणत नाहीं. तें संपलें पाहिजे, असें म्हणतो.

मार्च २०१८ मध्यें केप टाऊन येथेंच ऑस्ट्रेलियाच्या एका खेळाडूनें चेंडू पॉलिश कागदानें घांसला. कप्तान स्टीव्ह स्मिथ व उपकप्तान डेव्हिड वॉर्नर यांस एक वर्षाची, व तो घांसणाऱ्या कॅमेरॉन बँक्रॉफ्ट यास नऊ महिन्यांची बंदी झाली. सिडनीच्या विमानतळावर स्मिथ सर्वांसमक्ष रडला. वर्ष संपलें, तो परत आला. ९ जून २०१९ रोजीं लंडन येथील ओव्हल मैदानावर भारताविरुद्ध सामना चालू असतां सीमेजवळ उभ्या राहिलेल्या स्मिथची आपल्या भारतीय प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली. तेव्हां भारताचा कप्तान विराट कोहली खेळपट्टीवर होता. त्यानें प्रेक्षकांकडे वळून, हुर्यो नको, टाळ्या वाजवा, अशी खूण केली. ह्या कृत्याबद्दल त्याला पुढें जागतिक क्रिकेट मंडळाचा खिलाडू वृत्तीचा पुरस्कार मिळाला.

कोहलीनें अपराधाला लहान म्हटलें नाहीं, शिक्षा अन्यायाची होती असेंही म्हटलें नाहीं. भोगून संपलेली शिक्षा पुन्हां भोगावयास लावूं नका, एवढेंच त्याच्या हाताच्या खुणेनें सांगितलें. आपल्या मंडळींत किती जणांवर अशी न संपणारी शिक्षा चालू आहे? दहा वर्षांपूर्वीं दारू सोडलेल्या मनुष्यास अद्यापि "तो दारूड्या" म्हणून ओळखतात. अशा वेळीं एकानें तरी हात वर करून "पुरे" म्हटलें पाहिजे.

५. क्षमा व अधिकारपद

येथें कोणी विचारील, क्षमा केली तर त्याला जुनें पदही परत द्यावें काय? ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. क्षमा ही तत्काळ देतां येते. विश्वास हा दिवसेंदिवस मिळवावा लागतो. क्रोनिएशीं बोलणें, त्याला आपल्या पंक्तीला बसविणें, त्याला दुसरें काम देणें, हें कर्तव्यच होतें. त्याच्या हातीं पुन्हां तरुणांचा संघ सोंपविणें हें निराळें. दावीदाचें राज्य गेलें नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु क्षमा मिळूनही त्याच्या घरांतील तरवार गेली नाहीं. पेत्राला मेंढरें पुन्हां सोंपविलीं गेलीं, हें खरें. पण तीनदां नाकारणाऱ्याला तीनदां प्रश्न विचारला गेला. पद परत देण्याची घाई करणारे लोक पुष्कळदां त्या मनुष्याला नव्या मोहांतच लोटतात.

६. तोंड पाहून क्षमा

शेवटीं एक कडू गोष्ट. गिब्ज बंदी संपल्यावर परत आला व २०१० पर्यंत देशासाठीं खेळला. विल्यम्स राष्ट्रीय संघांत पुन्हां दिसला नाहीं. कप्तानाला थोर माणसांच्या यादींत स्थान मिळालें. त्यानें ज्याला अडखळविलें त्याचें नांव आज किती जणांस आठवतें? लोकांची क्षमा पराक्रमाचा हिशेब पाहून चालते. ज्यानें पुष्कळ धांवा केल्या त्याला पुष्कळ क्षमा; ज्यानें थोड्या केल्या त्याला विस्मरण. मंडळींतही श्रीमंताच्या मुलाचा अपराध "वयाचा दोष" ठरतो, आणि गरिबाच्या मुलीचा अपराध तिच्या लग्नापर्यंत तिच्या मागें येतो. याकोबाच्या पत्रांत तोंड पाहून वागणाऱ्यांस जो दोष दिला आहे, तो क्षमेच्या बाबतींतही तितकाच लागू आहे.

तर वाचकहो, पुढच्या वेळीं भिंतीवरचें चित्र काढावयास हात उचलाल, तेव्हां क्षणभर थांबा. कोणाचें नुकसान झालें, सत्य पुरें सांगितलें गेलें काय, शिक्षा पुरी झाली काय, हें विचारा. आणि चित्र परत लावावयास हात उचलाल, तेव्हां त्याच्या शेजारीं जागा ठेवा. कारण ज्याचें चित्र कोणीच लाविलें नव्हतें, असा एखादा विल्यम्स आपल्याच गांवांत, आपल्याच मंडळींत, मागच्या बांकावर बसलेला असेल.

विचारासाठीं प्रश्न

(१) ज्याचें नुकसान झालें नाहीं त्यानें केलेली क्षमा व ज्याचें झालें त्यानें केलेली क्षमा, यांत भेद काय?

(२) अर्धी कबुली देणाऱ्याशीं मंडळीनें कसें वागावें?

(३) आपल्या मंडळींत "पुरे" असें कोणाविषयीं म्हणावयाचें राहून गेलें आहे?

(४) क्षमा करून पद न देणें हें कठोरपणाचें केव्हां होतें, व शहाणपणाचें केव्हां?