मौल्यवान धातूंची काटकसर

इ. स. १८२३ मध्ये जर्मनीतील येना येथे डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजन वायूचा झोत सोडला. प्लॅटिनम तापून लाल झाले व वायूने पेट घेतला. धातू मात्र कायम राहिला. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढविणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे धातू हेच कार्य करतात. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचे त्यांच्यायोगे कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर होते.

हे धातू दुर्मिळ व महाग आहेत. जगातील बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतील खाणींतून निघते. तेव्हा थोड्या धातूकडून अधिक काम कसे घ्यावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वायूंची क्रिया धातूच्या केवळ पृष्ठभागावर होते. आतील अणूंचा तिला प्रत्यक्ष उपयोग नाही. एक सेंटिमीटर बाजूच्या प्लॅटिनमच्या घनाचे वजन सुमारे २१·५ ग्रॅम व पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होईल. म्हणूनच कन्व्हर्टरमधील मधाच्या पोळ्यासारख्या चिनीमातीच्या ठोकळ्यावर सच्छिद्र ॲल्युमिनाचा थर देऊन त्यावर धातूचे सूक्ष्म कण विखुरतात.

तथापि, केवळ बारीक करून भागत नाही. तप्त धुरात हे कण सरकतात, एकमेकांस मिळून मोठे होतात आणि मिळविलेला पृष्ठभाग पुन्हा गमावला जातो. खरी काटकसर कण विलग राखण्यात आहे.

२०११ मध्ये चीनमधील दालियन येथील झांग ताओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून दाखविले. अशा रचनेत प्रत्येक अणू उघडा असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, हवेत ८०० अंश सेल्सिअस तापमानासही सीरियम ऑक्साइड प्लॅटिनमचे भटके अणू पकडून धरते. एरवी कण वाढविणारी उष्णताच येथे अणू विखुरण्यास साह्यभूत झाली.

अर्थात काही क्रियांना शेजारी-शेजारी अनेक अणू लागतात; तेथे सुटा अणू अपुरा पडतो. म्हणून धातू किती बारीक करावा याइतकेच, तो कोणत्या आधारावर व कोणत्या कार्यासाठी ठेवावयाचा, हेही ठरवावे लागते.