रस्त्याखाली गेलेली ओली खोली: थोडक्या खर्चात कोरडी कशी करावी?

वस्तीतला रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो, घर मात्र जागच्या जागी राहते. मग उंबरठ्यावरून पायरी उतरून आत जावे लागते. मातीची जमीन ओल धरते, भिंतीला लोणा लागतो, कोपऱ्यात बुरशी येते. अशा वेळी अनेकजण आधी भिंत रंगवून घेतात. पुढच्या पावसात रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पैसे वाया जातात. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी बाहेरचे पाणी, मग जमीन, शेवटी भिंत.

ओलीने काय होते?

बुरशीचे बारीक कण श्वासावाटे आत जातात. त्याने दमा बळावतो; शिंका, खोकला सुरू राहतो. ओल्या मातीत विष्ठा मिसळली असेल तर जंतांची भीती असते. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि पुढे हा जंत आतड्यात राहून रक्त शोषतो. जमिनीवर रांगणाऱ्या आणि झोपणाऱ्या मुलांना मातीचा त्रास जास्त. मेक्सिकोतील कोआविला राज्यात सरकारने गरीब घरांची मातीची जमीन सिमेंटची करून दिली. नंतरच्या पाहणीत त्या घरांतील मुलांमध्ये जंत, जुलाब आणि रक्तक्षय कमी आढळले.

ओल कुठून येते ते पाहा

दोन फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरा. कडांवर विटा ठेवून दोन दिवस तसाच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला दिसले तर खोलीतली हवा दमट आहे. अशा वेळी हवा खेळती करण्याकडे आधी लक्ष द्या.

१. बाहेरचे पाणी तोडा

पागोळ्यांचे पाणी भिंतीलगत पडत असेल तर पन्हळ लावा. भिंतीकडून गल्लीकडे उतार काढा. गळका नळ दुरुस्त करा. उंबरठ्यावर विटांचे एक-दोन थर चढवा. गटार तुंबून पाणी झिरपत असेल तर ते एका घराचे काम नाही. गल्लीतल्या सर्वांच्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या आणि पोच घ्या.

२. जमीन करा

हे काम मार्च ते मे महिन्यांत उरका. वर छपरापर्यंत उंची पुरेशी असेल तर खणू नका. भर घालून जमीनच वर आणा. खणावेच लागले तर भिंतीच्या पायाखाली जाऊ नका, भिंत खचते.

मऊ चिखल काढून जमीन धुमसाने चोपा. त्यावर चार इंच विटांचे तुकडे किंवा खडी, त्यावर इंचभर वाळू घाला. वाळूवर बांधकामाचे जाड प्लास्टिक पसरा. जोड वीतभर एकावर एक घ्या आणि कडा भिंतीवर वीतभर चढवा. त्यावर तीन इंच कोबा घाला. प्रमाण : एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू, चार घमेली खडी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीच्या कोब्याला साधारण पाच गोण्या सिमेंट, बारा घनफूट वाळू आणि बावीस घनफूट खडी लागते. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओले गोणपाट टाकून पाणी मारा.

यंदा कोब्याचे पैसे जमत नसतील तर विटांवर फळ्या टाकून अंथरूण जमिनीपासून वर घ्या. भाडेकरूंनी खर्चाआधी घरमालकाशी बोलून घ्यावे.

३. भिंत आणि हवा

सुटलेले प्लास्टर खरवडा, भिंत पूर्ण सुकू द्या, मग चुन्याचे दोन हात द्या. ऑइलपेंट लावू नका. त्यामागे ओल कोंडते. चुना लावताना डोळे जपा. समोरासमोरच्या भिंतींत वर जाळ्या ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. ओले कपडे खोलीत वाळवू नका.

बुरशी साबणाच्या पाण्याने ओली करून, नाकातोंडाला फडके बांधून घासा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

हे जिवावर बेतते

खोली सुकवायला बंद दाराआड कोळशाची शेगडी पेटवू नका. आत ठेवलेली मोटारसायकल किंवा रिक्षा तिथेच चालू करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो; झोपेतच माणूस जातो. विजेचे बोर्ड आणि वायरी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच घ्या.

दवाखान्यात कधी जावे?

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर तो ओलीचाच आहे असे समजू नका. टीबी ओलीमुळे होत नाही, पण कोंदट खोलीत एकापासून दुसऱ्याला लवकर लागतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. मुलांना जंतांची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मिळते, ती चुकवू नका.