दारची भाजी

पोरी, घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आणि आता पुढच्या मोकळ्या जागेत सगळीकडे फरशी टाकायचं तुमचं चाललंय, असं कानावर आलं. गाडीपुरती टाका. बाकीची माती उघडी ठेवा आणि तिथे भाजी लाव. लोक म्हणतील, पुढे फुलझाडं शोभतात, भाजी मागे लावायची. आपल्या जुन्या घरांना परस होतं, तिथे विहीर होती, मोरीचं पाणी मागेच जायचं, म्हणून भाजीही मागे असायची. तुझ्या घरामागे चार फुटांचा बोळ आहे आणि त्यात दिवसभर सावली. ऊन पुढे आहे, तर भाजी पुढेच हवी. शिवाय जाता-येता जे दिसतं त्याचीच निगा राहते. माझ्या सासूबाई सांगायच्या, ज्या झाडावरून दिवसातून दोनदा नजर फिरत नाही ते लावूच नये. त्यांचं बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं धरून ठेव.

खणायच्या आधी ऊन बघ. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला बाहेर येऊन घराची सावली कुठवर येते ते पाहा. आत्ता वैशाखात सूर्य डोक्यावर आहे. मार्गशीर्ष-पौषात तो दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली उत्तरेला लांबवर पसरते. तुझं दार पूर्वेला आहे, तेव्हा अंगणाचा दक्षिणेकडचा भाग हिवाळ्यातही उन्हात राहील. तो टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांच्यासाठी राख. त्यांना रोज सहा तास तरी ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर, मयाळू, आळू यांचं तीन-चार तासांत भागतं.

मातीवर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण नव्या घरांतल्या बागा इथेच फसतात. तुझ्या अंगणात वरवर माती दिसते, पण खाली मुरमाची भर आणि बांधकामाचा राडारोडा आहे. वाफा जिथे करायचा तिथे दीड फूट खण. विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुन्याचे खडे सगळे वेचून काढ. ते राहिले तर मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मग आपण खत घालत बसतो. त्या खड्ड्यात दोन वाटे चांगली माती आणि एक वाटा कुजलेलं शेणखत भर. नुसती काळी माती आणू नकोस. ती पावसात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. निम्मी तांबडी माती मिसळ म्हणजे पाणी निचरून जाईल.

शेणखत विकत घेताना मूठभर हातात घे. गार लागलं, भुसभुशीत असलं आणि शेणाचा वास येत नसला तर ते तयार आहे. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली तर अजून कुजायचं आहे. ते घेतलंस तरी दोन-तीन महिने सावलीत ओलं करून ठेव. कच्च्या शेणातून हुमणी येते. पांढरी, जाड, तांबूस डोक्याची, गोल मुडपून पडलेली अळी असते ती. काल टवटवीत असलेलं वांग्याचं झाड आज मान टाकतं, हाताने ओढलं की अलगद वर येतं, आणि खाली बघावं तर मुळं खाऊन टाकलेली. अशा ठिकाणची माती उकरून अळी वेचावीच लागते, दुसरा सोपा उपाय नाही.

वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नकोस, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. पायाखाली दाबलेल्या मातीत मुळं चालत नाहीत. भिंतीपासून दोन फूट सोड, नाहीतर ओल जोत्यात उतरेल.

मृग निघाला, एक-दोन चांगले पाऊस झाले, की वेल लावायचे. दुधी, दोडका, कारलं, काकडी यांतलं पहिल्या वर्षी फार तर दोन निवड. दुधी घेच. फाटकापासून पोर्चपर्यंत तारांचा मांडव घाल, खाली सावली होईल ती वेगळीच. आळं करून त्यात तीन बिया टोक आणि उगवल्यावर जोमाचं एकच रोप ठेव. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुड. हे जिवावर येतं, पण बगलेतून फुटवे निघतात आणि मादी फुलं जास्त करून त्या फुटव्यांवरच येतात.

सुरुवातीला नुसती नर फुलं येतील, तेव्हा घाबरू नकोस. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी असतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. वस्तीत पतंग पुरेसे नसतात, मग ते चिमुकले दुधी पिवळे पडून गळतात आणि लोक म्हणतात वेलाला दृष्ट लागली. दिवेलागणीला एक नर फूल तोड, पाकळ्या काढून टाक आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकव. तीन-चार दिवसांत दुधी फुगायला लागला की काम झालं. नख सहज रुततंय तोवर काढ. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेव: चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी फेकून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत, त्यात हयगय नको.

पालेभाजी म्हणजे नव्या हाताला लगेच यश. घरातलीच मेथी पेर, महिन्याभरात उपटायला येते. सगळा वाफा एकदम पेरू नकोस. दर पंधरवड्याला हातभर जागा पेर, म्हणजे सतत मिळत राहील. धणे अख्खे टाकू नकोस. फडक्यात घेऊन लाटण्याने हलकेच दाबायचे, दोन डाळी सुट्या झाल्या की रात्रभर भिजवून पेरायचे. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, तोवर माती उकरून बघायची नाही. चैत्र-वैशाखात कोथिंबिरीच्या नादी लागू नकोस, ती लगेच फुलावर जाते. तेव्हा माठ आणि राजगिरा लाव. मयाळू कुंपणाच्या जाळीवर सोड, भजी करायला बरा पडतो. आळू बाहेरच्या नळाच्या सांडपाण्यावर लाव, वडीसाठी काळ्या देठाचं वेगळं आणि फतफत्याचं वेगळं.

आपले सण आणि अंगण यांचं गणित आपल्या बायकांनी कधीच जमवून ठेवलंय. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे त्या दिवशीची भाजी नांगराविना पिकलेल्या दारच्या-परसातल्या वस्तूंची: आळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस. मृगात लावलेलं भाद्रपदात नेमकं हाताशी येतं. चातुर्मासात वांगं खात नसाल तरी नागपंचमीच्या सुमारास रोपं लाव, दोन रोपांत दोन फूट अंतर ठेव. चंपाषष्ठीच्या भरताला घरचं वांगं मिळेल. भोगीच्या भाजीसाठी पावटा आषाढात टोक. गावठी पावट्याचं एक आहे, तो दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाही. गणपतीत नुसता पाला बघून कितीतरी जणी वेल उपटून टाकतात. तू थांब, दिवाळीनंतर तो फुलांनी भरतो.

शेवगा दारात नको म्हणतात आणि त्याला भुताखेतांच्या गोष्टी जोडतात. त्या सोडून दे, पण सल्ला खरा आहे. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वादळात फांदी मोडून कौलांवर, गाडीवर पडते. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, अंगाला लागल्या की खाज सुटते. म्हणून दारापासून दूर, विजेच्या तारेखाली न येईल अशा कोपऱ्यात मनगटाएवढं तीन-चार फुटांचं खोड पावसाच्या तोंडावर रोव आणि शेंगा संपल्या की दरवर्षी छातीएवढ्या उंचीवर छाटून टाक.

कढीपत्ता मात्र पायरीशेजारीच लाव. पानं ओरबाडू नयेत, शेंडा कापावा, म्हणजे झाड फुटतं. कोवळ्या पानांवर पाखराची शीट पडल्यासारखं दिसलं तर वाकून बघ: ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. झाड लहान असेल तर उचलून लिंबाच्या झाडावर नेऊन ठेव. मोठं असेल तर खाऊ दे तिला. मारायची काही गरज नाही.

मिरचीवर बोकड्या येतो, पावट्यावर मावा. मावा दिसला की आधी मुंग्या बघ, त्याच त्याला सांभाळतात. सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरली तर बरंच भागतं. ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळव. पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून, साबणाचा चुरा चिमूटभर घालून उन्हं उतरल्यावर फवारायच्या. उन्हात फवारलं तर त्याचा गुण जातो. विकतचं औषध दारच्या भाजीवर नको. मुलं येता-जाता काकडी तोडून तशीच तोंडात घालणार, आणि घालू देत.

रस्ता जवळ आहे, धूळ-धूर येणार. म्हणून कुंपणालगत गवती चहा किंवा अंबाडीची दाट रांग कर आणि पालेभाजीचा वाफा आतल्या बाजूला घे. शेळ्यांसाठी फाटकाची खालची फट बंद कर.

आता बियांचं. पाकिटातलं संकरित बी पहिल्या वर्षी भरपूर देतं, पण त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसं फळ येईलच असं नाही. म्हणून गावरान बी मिळव आणि टिकव. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याची सुरुवात अशीच घराजवळ बी राखण्यातून झाली. वेलावरचं सगळ्यात सरस फळ खायला काढायचं नाही, त्याच्या देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे घरात कुणी हात लावत नाही. दुधी वेलावरच टणक होऊन बिया आत खुळखुळेपर्यंत ठेव. पावट्याच्या शेंगा झाडावरच कडक वाळू दे. बी सावलीत सुकव, दाताखाली कट्कन तुटलं पाहिजे, मग राखेत घोळवून काचेच्या बरणीत भर. चिठ्ठीवर वाण, महिना आणि बी कुणाकडून आणलं तिचं नाव लिही. माझ्याकडचा लाल कडांचा पावटा मी येताना आणते, वाफा तेवढा खणून ठेव.